उजवीकडचं वळण

“तात्या, मिसाईल सोडलं का?”

“सोडलं,” मोहनराव म्हणाले. पडद्यावरची नजर न काढता त्यांनी चष्मा नाकावर वर सरकवला.

“आता कुठल्या अंगाला वळणार?”

हाच तो प्रश्न. दर रविवारी दुपारी चारच्या सामन्यात माऊली तो विचारायचा, मोहनराव उत्तर द्यायचे आणि मिनिटभरात त्यांचं विमान पेटून खाली यायचं. तीन रविवार ओळीने असंच झालं होतं. विमान संगणकातलं, आभाळही संगणकातलं, पण हरल्यावर जेवण जायचं नाही ते खरंखुरं.

मोहनरावांनी भवानीनगरला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर एकतीस वर्षं काढली होती. संशय हा त्यांच्या नोकरीचाच भाग होता. कुणी मोळ्यांच्या पोटात दगड दडवायचं, तर कुणी वजनाच्या वेळी ट्रकच्या केबिनमध्ये दोन माणसं झोपवायचं. अशांना पकडायची त्यांची एक खास रीत होती. ते मुद्दाम खोटी बातमी सोडायचे. आज केबिन बघणार नाही, असं चहावाल्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलायचे आणि नेमकं केबिनचंच दार उघडायचे. त्यांच्या हातून चोर सुटला नाही, पण मित्रही फारसा टिकला नाही. बायको म्हणायची, देव जरी काट्यावर आला तरी तुम्ही त्याला आधी खाली उतरवाल.

ती गेली. मुलगा अविराज बंगळूरला नोकरीला गेला आणि जाताना आपला संगणक घरीच ठेवून गेला. बारामतीहून उडणारी शिकाऊ विमानं दिवसभर डोक्यावर घिरट्या घालायची. मोहनराव कपाळावर हात धरून ती बघत बसायचे. एके दिवशी कंटाळून त्यांनी तो खेळ चालू केला आणि त्यातच अडकले. तिथेच त्यांना इंदापूरचा माऊली भेटला. एसटी स्टँडजवळ त्याचं विहिरीवरच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान होतं. वय चाळिशीचं. तोंड कधी पाहिलं नव्हतं, नुसता आवाज ओळखीचा. तरी आठवड्यातून कुणी त्यांना मनापासून ‘तात्या’ म्हणत असेल तर तो एवढाच.

लढायची युक्तीही माऊलीनेच शिकवली होती. मिसाईल सुटलं म्हणजे काम झालं असं नाही. अर्ध्या वाटेपर्यंत ते आंधळंच असतं, त्याला आपल्या विमानाच्या रडारने वाट दाखवावी लागते. तोवर तोंड शत्रूकडेच ठेवायचं. मग मिसाईलचा स्वतःचा डोळा उघडला की आपण वळून पळ काढायचा. पळताना मात्र मागचं काही दिसत नाही, म्हणून पाठ राखायला जोडीदार लागतो. मोहनरावांना हे लगेच पटलं. पाण्याच्या पाळीला एकाने उसाला दारं धरायची आणि दुसऱ्याने पाणी येतं त्या चारीवर राखण करत बसायचं, नाहीतर वरचा शेतकरी पाणी फोडून नेतो, तसंच हे. दोघांविरुद्ध दोघे असे हे सामने, समोर दर रविवारी तीच जोडी. त्यांत जोडीदाराची जागा पडद्यावर दिसायची सोय मुद्दाम बंद ठेवलेली असे. त्यामुळे बोललेल्या शब्दावरच सगळा भरवसा.

आणि तीन रविवारांपासून तोच भरवसा डळमळला होता. आपण वळतो तिथे शत्रू आधीच कसा टपलेला असतो? माऊली मधेच गप्प का होतो? त्याच्यामागे कुणीतरी कुजबुजतं, ते कोण? एकदा तर तो म्हणाला होता, इंदापूरला आलात तर घरी या, आई तुम्हाला भेटायचं म्हणते. ज्या बाईने आपल्याला पाहिलं नाही तिला आपल्याला का भेटायचंय, यावर मोहनरावांनी दोन दिवस विचार केला होता.

आज त्यांनी काट्यावरची जुनी रीत काढली.

“उजवीकडं,” ते म्हणाले. “नेहमीसारखं.”

“व्हय. मी हाय तिथं.”

मोहनरावांनी विमान डावीकडे घातलं. थोड्या वेळाने माऊलीचा आवाज आला.

“तात्या, दोघंबी हितंच हायत. तुमी दिसंना. कुठं हाय तुमी?”

शत्रूची दोन्ही विमानं उजवीकडेच आली होती. खोटी बातमी बरोबर जागेवर पोचली होती. मोहनरावांना पूर्वी केबिनचं दार उघडताना वाटायचं तसंच वाटलं.

“तुमी निघा तात्या,” माऊली म्हणाला. “मी ह्यांना धरून ठिवतो.”

“सापडलास माऊली,” मोहनराव म्हणाले. “माझी खबर त्यांना किती दिवसांपास्नं देतुयास?”

पडद्याच्या कोपऱ्यात ओळ उमटली, माऊलीचं विमान पडल्याची. मग त्याने आवाजाची जोडणीही तोडली.

खेळ प्रत्येक सामन्याची नोंद ठेवतो. कुणाचं विमान कधी, कुठे होतं, ते नंतर वरून नकाशासारखं बघता येतं. पुरावा हातात असावा म्हणून मोहनरावांनी ती नोंद उघडली. शत्रूचं एक विमान मिसाईल चुकवून मागाहून तिकडे आलं होतं. दुसरं उजवीकडच्या दरीत आधीच शिरलं होतं, पण ते सामना सुरू झाल्यावर दुसऱ्याच मिनिटाला. तेव्हा मोहनरावांनी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. मग त्यांनी मागच्या तीन रविवारांच्या नोंदी काढल्या. त्यांची स्वतःची वाट प्रत्येक वेळी उजवीकडेच वळत होती. तीच उंची, तेच वळण. कुणी खबर द्यायची गरजच नव्हती.

काट्यावर ते बसायचे त्या खोलीला खिडकी उजव्या हाताला होती. एकतीस वर्षं गाडी आली की त्यांची मान उजवीकडे वळायची. जित्याची खोड, ती आभाळातही सुटली नाही. आणि आज सोडलेली खोटी बातमी म्हणजे नेमकी तीच खोड होती, शत्रू तसाही उजवीकडेच येणार होता, हे सापळा लावताना त्यांच्या लक्षातच आलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की संगणक बंद करायचंही सुचेना.

माऊलीने फोन उचलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मोहनराव पिशवीत सीताफळं घेऊन एसटीत बसले.

दुकान लगेच सापडलं. बाहेर उघडलेल्या मोटारी पडल्या होत्या. आत एक सडपातळ माणूस खाली बसून तांब्याची तार गुंडाळत होता. मोहनरावांनी नाव सांगितलं, तेव्हा त्याचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला. त्याने पायाने एक स्टूल पुढे सरकवलं.

मोहनरावांनी सगळं सांगितलं. सापळा, नोंद, उजवीकडचं वळण. आवाज खालीच ठेवला, कारण एवढी कबुली त्यांनी आयुष्यात कुणाला दिली नव्हती. चुकलो, असंही म्हणाले.

“मला ठावं व्हतं,” माऊली म्हणाला. “तुमी दरवेळी उजव्या अंगालाच वळता ते कवाच ध्यानात आलं. म्हनून तर इचारायचो. डावीकडं म्हनाल कधीतरी, असं वाटायचं. उजवीकडंच म्हनलात की मीच आधी तिकडं पळायचो. कधी वेळंवर पोचायचो न्हाय, एवढंच.”

“मग सांगितलं का न्हाईस?”

माऊलीने तार दाताने तोडली.

“सांगितलं असतं, तर तुमी म्हनला असता, ह्याला कसं कळलं?”

मोहनराव नेमकं तेच म्हणाले असते.

दुकानामागेच घर होतं, तिथल्या पडद्याआड खाट करकरली. प्रयागबाई, माऊलीची आई, डोळे गेल्यापासून तिथेच असायची. तिची हाक ऐकू यावी म्हणून माऊली कानाला हेडफोन न लावता खेळायचा, आणि रविवारचं सगळं बोलणं तिच्या कानावर पडायचं. ती मधूनमधून विचारायची, कोण जिंकलं. ती कुजबुज आणि माऊलीचं मधेच गप्प होणं एवढंच होतं. तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या आणि भिंतीला टेकवलेली काठी मोहनरावांना पडद्याच्या फटीतून दिसली.

“माऊली, कोण आलंय रं?” तिने विचारलं. “भवानीनगरचं तात्या का? आवाज त्येंच्यावानी वाटला.”

मोहनराव स्टुलावरून अर्धे उठले. एक शब्द बोलले असते तरी तिला ओळखायला पुरलं असतं. त्यांनी माऊलीकडे पाहिलं. माऊली तारेकडे बघत होता.

“न्हाय आई,” तो म्हणाला. “गिऱ्हाईक हाय.”

“असं व्हय. मग च्या दे की त्येला. लांबनं आला आसंल.”

माऊलीने शेजारच्या टपरीवरून चहा मागवला. चहा चांगला गरम होता. आवाज ओळखला जाईल म्हणून मोहनरावांनी तो एकही शब्द न बोलता संपवला. सीताफळांची पिशवी स्टुलाखाली ठेवली आणि गिऱ्हाईक जातं तसे ते निघून गेले.