धडधाकट आजोबांचा मृत्यू

नाट्यशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असलेल्या छोटीची अडचण अशी होती की तिच्या वाट्याला दुःखच आलेलं नव्हतं. सरांनी वर्गाला काम दिलं होतं: आयुष्यातला एक खरा प्रसंग, जो आठवला की अजून रडू येतं, तो सगळ्यांसमोर पुन्हा जगायचा. "बनावट चालणार नाही, मला लगेच कळतं," असंही त्यांनी बजावलं होतं. वर्गात प्रत्येकाच्या गाठीला काही ना काही होतं. कुणाचे आईवडील वेगळे झालेले, कुणाचं घर जळालेलं, आणि ज्याला सगळे लंबू म्हणत त्या मुलाचा तर जिवलग मित्र बुडालेला. छोटीच्या घरात सगळे ठणठणीत. एक आजोबा सोडले तर बाकीचे आजी-आजोबा तिच्या जन्माआधीच गेलेले, त्यांच्यावर ती बिचारी रडणार तरी कशी?

तिचा नंबर आला. ती काळ्या पडद्यापुढे उभी राहिली आणि आयत्या वेळी तिने आजोबांना मारून टाकलं.

मारलं मात्र फार छान. झोपेत गेले, चष्मा उशीशेजारी, नेऊन ठेवलेला चहा तसाच गार झालेला. सांगता सांगता तिला खराच हुंदका फुटला. वर्ग मुसमुसू लागला. सरांच्या तोंडून कौतुक निघणं म्हणजे दगडाला पाझर फुटणं. पण वार्षिक नाटकातली आईची मोठी भूमिका त्यांनी छोटीला देऊन टाकली.

आता हे आजोबा म्हणजे निवृत्त बस ड्रायव्हर, अजूनही चार मजले न थांबता चढणारे. बाबांना छोटीला कॉमर्सला घालायचं होतं. तेव्हा आजोबाच मध्ये पडले होते. "मी जिवंत आहे तोवर पोरीला कुणी अडवायचं नाही," असं त्यांनी ठणकावून सांगितलं होतं. ज्यांच्या जिवावर कॉलेजात आलो त्यांचाच जीव घेतला, हे छोटीला टोचत होतं. आजोबांना हे कळलं तर ते आपल्याशी पहिल्यासारखे राहतील का, या धास्तीने ती घरी त्यांच्या नजरेला नजर देईना.

आणि एका दुपारी, तालीम चालू असताना, आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले.

"आमची छोटी इथेच असते ना?" त्यांनी लंबूला विचारलं.

"हो. आपण कोण?"

"मी तिचा आजोबा."

लंबूचा चेहरा पडला. तरी बिचाऱ्याने आशा सोडली नाही. "आईचे वडील का?"

"वडिलांचा वडील. दोन्हीकडचा मिळून एवढा एकच उरलोय बाबा."

"पण तुम्ही तर..." लंबू बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. तालीम थांबली. सगळा वर्ग आजोबांकडे बघत होता आणि छोटीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

सरांना उमगायला वेळ लागला नाही. "छोटी, तू सांगतेस की मी सांगू?"

मग तिनेच सांगितलं, मान खाली घालून. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं.

"कशाने गेलो मी?"

"झोपेत."

"हां, म्हणजे त्रास नाही झाला. तेवढी तरी दया केलीस." कुणीतरी फिसकन हसलं. आजोबा मात्र हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मला दाखव."

"आजोबा, नको ना."

"का? या सगळ्यांनी बघितलं. माझ्याच मरणाला मी नको?"

छोटीने सरांकडे पाहिलं, पण सर काही तिच्या मदतीला आले नाहीत. ती पडद्यापुढे गेली. पहाट झाली, चष्मा आला, चहा गार झाला. पण सगळं पाठ केलेल्या कवितेसारखं. समोर माणूस हातीपायी धड बसलेला, रडू येणार कुठून? सर नाराजीने मान हलवत होते.

"आदल्या संध्याकाळी," ती म्हणाली, "आजोबांनी मला हाक मारली. छोटी, जरा इकडे ये म्हणाले. मी मोबाइलवर होते. मी म्हटलं, थांबा हो, येते नंतर. आणि मग मी गेलेच नाही."

इथे तिला खरंच रडू आलं. पहिल्या वेळीही हुंदका इथेच फुटला होता, हे तिला आत्ता आठवलं.

"हे कुठे खोटं आहे?" आजोबा हळूच म्हणाले. "हे तर रोजचंच आहे."

छोटीला स्वतःची इतकी लाज वाटली की भूमिका राहते की जाते हा विचारही मनात उरला नाही. ती त्यांच्या खुर्चीपाशी आली आणि खाली फरशीवर बसली.

"आजोबा, काय सांगायचं असतं हो तुम्हाला?"

आजोबांनी जरा विचार केला. "विशेष काही नाही गं. तू येऊन बसावीस, एवढंच. घरी काही तू सापडत नाहीस. म्हटलं, कॉलेजात जाऊन बघावं."