मान तुटलेला तुंबा

मी मान तुटलेला तुंबा बोलतोय. दया दाखवू नका, नुसतं ऐका.

दरेकसा गावातल्या शामकलाच्या कुडावर भोपळ्याचा वेल होता, त्याला मी लागलो. तिने मला वाळवलं, आतला गर खरडून काढला, मानेला दोरी बांधली. ती जंगलात मजुरीला निघाली की मी तिच्या खांद्यावर. रणरणत्या उन्हातही माझ्यातलं पाणी गार.

त्रेपन्न सालच्या वैशाखात गोंदियाहून आगगाडीने हुकुमचंद आले, बायको शांतीबाईला घेऊन. डोंगरावरचं तळं बघायचं होतं म्हणे. त्यांची मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, जाऊन दोन वर्षं झालेली, पण चाल तीच. वाट दाखवायला शामकला पुढे. हुकुमचंदांच्या हातात चकचकीत थर्मास, आणि त्यात काय, तर चहा! वैशाखात चहा घेऊन डोंगर चढणाऱ्याला काय म्हणावं?

अर्ध्या चढावर चहा संपला. शांतीबाईला अंधारी आली, ती दगडावर मटकन बसली.

"बाई, पानी पेता का?" शामकलाने मला पुढे केलं.

"इच्या हातचं? खबरदार!" हुकुमचंद ओरडले.

"मंग मरू काय?" शांतीबाईने मला ओढून घेतलं आणि घटाघटा प्यायली.

हुकुमचंदांनी काठी हाणली. माझी मान तुटली, उरलेलं पाणी पाचोळ्यात गेलं. त्यात त्यांचाही घोट होता, एवढं या शहाण्याला कळलं नाही. शामकलाने मला पदरात बांधलं.

तळं आलं तेव्हा हुकुमचंदांची जीभ टाळूला चिकटलेली. पाणी आटून पार मध्यात गेलेलं, भोवती म्हशींनी तुडवलेला चिखल. शामकला काठच्या रेतीत बसली आणि हाताने खड्डा उकरू लागली. याला आमच्याकडे झिरा म्हणतात. रेतीतून गाळलेलं पाणी हळूहळू वर येतं.

"थांबा जी, गढूळ खाली बसू द्या," ती म्हणाली.

थांबतो कोण! मालगुजार गुडघ्यांवर आले आणि तोंडच खड्ड्यात घातलं. शामकलाच्या नखांतली माती त्या पाण्यात अजून फिरत होती.

"काऊन जी, हे कोनाच्या हातचं?" शांतीबाईने विचारलं.

त्यांनी मान वर केली नाही. पीतच राहिले.

आता मी शामकलाच्या घरात कोपऱ्यात असतो, पोटात दोडक्याच्या बिया घेऊन. हुकुमचंदांचा राग धरत नाही; राग धरायला समोरचा माणूस जरा मोठा लागतो. तुम्ही कधी डोंगर चढलात आणि तहान लागली, तर सरळ मागा. मागायला कमीपणा वाटत असेल, तर घरीच बसा.