नणंदेसारखा आवाज

“गाडी कधी खोटं बोलत न्हाई, गुरुजी. खोटं माणूस बोलते. गाडी आपलं दुखणं सोताच्या तोंडानं सांगते. ऐकणाऱ्याला कान पाहिजे, बस.”

शंकरसिंगने हे वचन उच्चारले, एक हात बॉनेटवर ठेवला, दुसऱ्या हाताने पेचकस देवाच्या आयुधासारखा उंच धरला आणि म्हणाला, “मारा चावी.”

राधाकृष्ण गुरुजींनी चावी मारली. त्याबरोबर त्या जुन्या पांढऱ्या गाडीच्या पोटातून अशी काही किंकाळी निघाली की समोरच्या हॉटेलात भावसिंगच्या हातातली बशी निसटली. गॅरेजच्या सावलीत झोपलेले कुत्रे उठले आणि कोणाला काही न सांगता नांदेडच्या दिशेने चालू लागले. कळमनुरीच्या बाजाराला निघालेल्या एका बाईने डोक्यावरची पाटी एका हाताने सावरून दुसरा हात कानावर ठेवला.

शंकरसिंगने डोळे मिटून ऐकले आणि समाधानाने मान हलवली.

“बघा. गेला ना आवाज?”

गुरुजींचा सारा जन्म पूजा सांगण्यात गेलेला. यजमानाच्या तोंडावर नाही म्हणायचे नसते, हे त्यांच्या अंगवळणी पडले होते. त्यांनी गाडी बंद केली, उपरण्याने कपाळ पुसले आणि म्हणाले, “तसा गेला म्हणायला हरकत नाही, शंकरसिंग. पण जाता जाता फार ओरडून राहिला.”

“थंडीचं अस्तंय तसं.”

“तुम्ही मागच्या आठवड्यात पण थंडीच म्हणाला होतात. आता उन्हाळा लागला. अहो, उद्या आमच्या संपदाचे सासू-सासरे येऊन राहिलेत, पहिल्यांदाच. त्यांना औंढ्याला दर्शनाला न्यायचंय. गाडी सुरू केली की गल्लीतली माणसं दारात येतात, कोण गेलं म्हणून.”

“तुमी भावसिंगकडं चहा घ्या. तोवर मी बघतो.”

गुरुजी रस्ता ओलांडून गेले. शंकरसिंग बॉनेटमध्ये डोके घालून उभा राहिला. बघण्यासारखे बरेच होते. ऐकण्यासारखे मात्र त्याच्यापुरते काहीच नव्हते.

शंकरसिंगचे कान ही एके काळी तालुक्याची मालमत्ता होती. पेचकसाचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो नुसता उभा राहिला, की आतला कुठला पार्ट कण्हतोय ते सांगत असे. एकदा तर गोरेगावहून निघालेली जीप वळणावर दिसण्याआधीच त्याने तिचे बेअरिंग गेल्याचे जाहीर केले होते. जीपवाल्याला ही बातमी इथे पोचल्यावर कळली. तांड्यावरचे लोक म्हणत, शंकरसिंगला गाडीच्या पोटातलं कळतं, फक्त बायकोच्या पोटातलं कळत नाही.

मग कधी तरी, कुठलीही नोटीस न देता, बारीक आवाज त्याला सोडून गेले. जाडे आवाज राहिले. ट्रक, ढोल, पुढाऱ्यांची भाषणे, सगळे नीट ऐकू येई. म्हणजे जे गेले असते तरी चालले असते, ते नेमके शाबूत होते. शिट्टी गेली, पैंजण गेले, पाखरे गेली. पाखरांच्या बाबतीत तर त्याने भावसिंगच्या हॉटेलात बसून मोबाइलच्या टॉवरवर तासभर टीका केली होती. “चिमण्याच राह्यल्या न्हाईत आता,” असे तो हळहळून म्हणत होता, तेव्हा डोक्यावरच्या पत्र्यात चिमण्यांची भाऊबंदकी चालली होती. ऐकणाऱ्यांना वाटले, मोठ्या अर्थाने बोलतोय.

खरी भीती त्याला लेकाची होती. रणजीत नांदेडला गाड्यांच्या शोरूममध्ये होता. तिथे गाडीला वायर जोडतात आणि दुखणे पडद्यावर उमटते. “बाबा, आता बंद करा ते,” तो फोनवर म्हणायचा, “इथं फ्लॅटवर येऊन रहा. लिफ्ट आहे.” शंकरसिंग दर वेळी म्हणायचा, “कान शाबूत आहे तोवर दुकान चालू.” हे वाक्य त्याने इतक्यांदा आणि इतक्या जणांसमोर ऐकवले होते की आता त्यातून मागे फिरायला वाट नव्हती. रविवारी रणजीत येणार होता. कान गेल्याचे त्याला कळले असते, तर जिला शंकरसिंग रोज सकाळी पहिल्यांदा हात लावून नमस्कार करी, ती दुकानाची पाटी उतरली असती. मग उरलेला जन्म लिफ्टने वर-खाली करायचा.

त्याची बायको जिवनबाई जेवणाचा डबा घेऊन आली तेव्हा तो बॉनेटखालीच होता. तिने सावलीत डबा ठेवला, पदराने वारा घेतला आणि भावसिंगच्या हॉटेलातल्या गुरुजींकडे पाहिले. गुरुजी दुसरा चहा पीत होते आणि अधूनमधून गाडीकडे पाहत होते. दवाखान्याबाहेर बसलेली माणसे तसे पाहतात.

“वाजून राहिली होती ती गाडी,” जिवनबाई म्हणाली. “मारुतीच्या पारापर्यंत ऐकू आली मला.”

“बंद झालं ते.”

“बंद न्हाई झालं. तुमाला ऐकू येत न्हाई.”

शंकरसिंग हळूच बॉनेटखालून बाहेर आला. त्याने आधी रस्त्याकडे पाहिले, मग हॉटेलाकडे, आणि शेवटी बायकोकडे.

“कवा कळालं तुला?”

“कुकरच्या दिशी. तुमाला म्हणलं, शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा, मी दळण घेऊन येते. आले तर डाळीचा कोळसा. अन् तुमी कुकरम्होरं बसून म्हणता, एक बी न्हाई झाली, कुकर बिघडला दिसतो. दुसऱ्या दिशी खोलून बसलात त्याला.”

“रणजीतला सांगितलं का?”

“काहून सांगू? त्याचा कुकर होता का?”

शंकरसिंगने हातातला पेचकस कापडाने पुसला. तो आधीच स्वच्छ होता, तरी पुसला. मग त्याने ऑइलचा रिकामा डबा उलटा करून गाडीजवळ ठेवला आणि त्याच्यावर फडका अंथरला. लग्न झाल्यापासून त्याने तिच्यासाठी अंथरलेली ही पहिलीच बैठक असावी.

“बस इथं. मी गाडी चालू करतो. कशासारखं वाजते ते सांग.”

“मला काय कळतंय गाडीतलं?”

“गाडीतलं नको सांगू. तुला जे कळते त्यातलं सांग.”

त्याने चावी मारली. जिवनबाईने तोंड वाकडे केले, पण कानावर हात ठेवला नाही. कामावर आलेल्या माणसाने तसे करायचे नसते, एवढे तिला समजत होते.

“हां. तुमच्या बहिणीसारखं.”

“काय?”

“मिराबाईसारखं. सकाळी उठल्या उठल्या एकदम टिपेला. मंग घरातली कामं बाकीच्यांनी आटोपली की हळूहळू गप.” तिने थोडे थांबून ऐकले. “बघा, आता गप व्हायला लागलं.”

शंकरसिंगचा चेहरा एकदम बदलला. थंड इंजिनाला ओरडायचे आणि तापले की थांबायचे, हे लक्षण त्याला पाठ होते. बहिणीचा अपमान त्याने पुढे कधी तरी मनावर घ्यायचा म्हणून बाजूला ठेवला आणि एसीचे बटण दाबले.

“आता?”

“आता पाव्हणे आल्यासारखं. जास्तच.”

“ती बाटली घे. या बेल्टवर थोडं पाणी मार. लांबून मार, पदर सांभाळ.”

तिने पाणी मारले.

“गप बसली,” जिवनबाई म्हणाली. आणि लगेच, “उठली परत. पाणी पिऊन पुन्हा भांडायला लागली.”

“बेल्ट,” शंकरसिंग म्हणाला. “बेल्टच हाय.” हे शब्द त्याने इतक्या प्रेमाने उच्चारले की ऐकणाऱ्याला ते एखाद्या नातवाचे नाव वाटावे.

जुना बेल्ट निघाला. काचेसारखा गुळगुळीत झालेला होता तो. मागच्या आठवड्यातच तो हाताला लागायला हवा होता, पण कानावर भरवसा असलेला माणूस हाताला विचारत नाही. शंकरसिंगने नवा बेल्ट चढवला, ताणून बसवला आणि ऐटीत चावी मारली.

जिवनबाई डब्यावर बसून बराच वेळ ऐकत राहिली. मग तिने नकारार्थी मान हलवली.

“न्हाई गेलं?”

“नणंद गेली. आता सासूबाई आल्या.”

“म्हंजे?”

“ओरडत न्हाई. पण थांबत बी न्हाई. बारीक बारीक, आपलं चालूच. तुमी पाय दाबला की वाढते, सोडला की कमी होते. पण चालूच.”

शंकरसिंगने गाडी बंद केली. “सगळी माझ्याच घरची माणसं सापडली का तुला?”

“दुसऱ्याच्या घरात मी राह्यले कवा?”

त्याने बेल्ट पुन्हा उतरवला आणि बेल्टच्या वाटेवरच्या पुल्या एकेक करून हाताने फिरवून पाहू लागला. डायनामोची पुली लोण्यासारखी फिरली. पाण्याच्या पंपाची फिरली. बेल्ट ताणून धरणारी मधली छोटी पुली मात्र फिरता फिरता बोटांना काही तरी सांगत होती. भाकरीच्या पिठात खडा लागावा तसे. त्याने डोळे मिटले आणि ती पुन्हा फिरवली. आज पहिल्यांदाच त्याच्या डोळे मिटण्याचा उपयोग झाला.

“बेअरिंग कोरडं पडलंय,” तो म्हणाला. “यानंच बेल्ट खाल्ला. मूळ तकलीफ इथं हाय.”

“अस्संच अस्तंय,” जिवनबाई म्हणाली. “नणंद कुणाच्या जिवावर बोलते मंग?”

शेजारच्या दुकानातून बेअरिंग आले. ते बसवता बसवता उन्हाची तिरीप गाडीच्या टपावरून खाली उतरली. भावसिंगने गुरुजींना तिसरा चहा स्वतःहून दिला. त्यालाही आता निकाल ऐकायचा होता. पुली बसली, बेल्ट चढला. शंकरसिंगने चावी फिरवली, एसी लावला, दिवे लावले, ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडीकडे न पाहता बायकोकडे पाहिले.

“आता कोणासारखं?”

जिवनबाईने मान तिरपी केली. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, तो जाईपर्यंत ती थांबली.

“आता माझ्यासारखं,” ती म्हणाली. “काम करून राहिलंय, अन् बोलत न्हाई.”

इतका वेळ अखंड बोलत असलेल्या बाईने हे सांगितले आणि तिच्या चेहऱ्यावर एक रेघसुद्धा हलली नाही. शंकरसिंगला हसू आवरेना. तो बॉनेटआड वाकून हसला.

गुरुजी आले. त्यांनी गाडी सुरू केली, बंद केली, परत सुरू केली. बॉनेटला कान लावला. गेलेले कुत्रे परत येऊन चाकाशेजारी आडवे झाले. गुरुजींना आता खरे बोलायला काहीच अडचण नव्हती, त्यामुळे ते मोकळेपणाने बोलले.

“कमाल केलीत, शंकरसिंग. आमचा मुलगा पुष्कर म्हणाला, नांदेडला न्या, मशीनवर दाखवा. मी म्हणालो, कशाला? आपल्याकडे शंकरसिंगचा कान आहे. कान असावा तर असा.”

भावसिंगही रस्ता ओलांडून आला होता. हॉटेलातले दोघे-चौघे उभे होते. शंकरसिंगने पेचकस खिशात घातला. असल्या वेळी तो नेहमी एखादे वचन बोलत असे, आणि मंडळी त्याचीच वाट पाहत होती.

“व्हय,” तो म्हणाला. “आमच्या दुकानाचा कान लई बराबर हाय.” आणि त्याने जिवनबाईकडे पाहिले.

तिने डब्याचे झाकण उघडून भाकरी मोजल्यासारखे केले.

गुरुजी गेले. पांढरी गाडी वळणापर्यंत गेली, वळली, आणि वळणावर कोणीही मान वर करून पाहिले नाही. दोघे सावलीत जेवायला बसली. पिठले गार झाले होते, पण चांगले लागले.

“रविवारी रणजीत येईन,” शंकरसिंग म्हणाला. “काय सांगायचं त्याला?”

“सांगते मी. दुकानात नवं माणूस ठेवलंय म्हणून.”

शंकरसिंगने घास खाली ठेवला. हात धुतला. हे काही बसून बोलण्यासारखे नव्हते, म्हणून उभा राहिला.

“ऐक, रणजीतची माय. गाडी खोटं बोलत न्हाई. तिचं ऐकायला कान पाहिजे, अन् कानानं ऐकलेलं करायला हात पाहिजे. हात माझे, कान तुझा. उद्यापासून हे दुकान आपल्या दोघांचं. पाटीवर तुझं बी नाव टाकतो. जिवनबाई शंकरसिंग, खाली गाडीचं चित्र. सगळ्या तालुक्यानं वाचलं पाहिजे.”

जिवनबाईने उलट्या डब्यावरून उठत कमरेवर हात ठेवला.

“पाटीचं राहू द्या,” ती म्हणाली. “तेवढी एक पाठीची खुर्ची आणा.”