एका हाताचा पाव

मितू झाल्यापासून करुणानं हाती घेतलेलं एकही काम तडीला गेलं नव्हतं. नव्या ब्लाउजला एकच बाही लागली होती. डोक्याला तेल लावायला बसावं, तर अर्धं डोकं चपचपीत, अर्धं कोरडं, आणि तशीच ती दिवसभर घरात वावरायची. म्हणून त्या दुपारी तिनं ठरवलं, आज पाव करायचा, आणि पहिल्यापासून शेवटापर्यंत आपणच करायचा. नवऱ्यानं, धम्मदीपनं, हिंगोलीहून मैदा आणि यीस्टची पुडी आणून दिली होती. देताना "जमंल का?" असंही विचारलं होतं. झालं, आता तर करायचाच.

लेक डाव्या खांद्यावर झोपलेली. खाली ठेवली की अख्ख्या साखरा गावाला ऐकू जाईल असा गळा काढायची. राहिला एक उजवा हात. तो पिठात बरबटवला तर लेकराचं नाक कोण पुसणार? करुणानं ताकाची रवी घेतली. पीठ रवीला असं बिलगलं, की रवी उचलली तर परातही उठली. मग पिठलं हाटायचा लाकडी चाटू काढला. चाटू चालला, पण परातही चालू लागली. फरशीवरून घसरत ती दाराकडं निघाली आणि तिच्यामागं करुणा. शेवटी तिनं विळीवर ठेवतात तसा परातीच्या काठावर पाय दाबला.

नेमक्या तेव्हाच सासूबाई, जनकाबाई, आत आल्या.

"अगं माय! अन्नाला पाय लावून राहिलीस?"

"अन्नाला न्हाई आत्याबाई, परातीला. विळीवर न्हाई का ठेवत?"

"विळी काय आपण खातो व्हय?" जनकाबाई पदर खोचून खाली बसल्या. "आण इकडं. मी मळते, चुटकीसरशी."

"न्हाई!" करुणाला स्वतःचाच आवाज मोठा वाटला. "मला करू द्या. एक तरी काम पुरं होऊ द्या माझं."

जनकाबाई तिच्या अर्ध्या तेलकट डोक्याकडं बघत राहिल्या. मग उठल्या, घागरीखाली घ्यायची चुंबळ खुंटीवरून काढली, पाण्यात बुडवून पिळली आणि फरशीवर टाकली. तिच्यावर परात बसली ती हलायचं नाव घेईना.

चाटूनं घोटून घोटून गोळा जमला. करुणानं त्यावर ओलं फडकं टाकलं.

"आता?" सासूबाईंनी विचारलं.

"आता त्याला झोपू द्यायचं."

"पिठाला?" जनकाबाईंचा जीव वरखाली झाला. ज्वारीचं पीठ मळलं की लगेच थापायचं, ताटकळलं की भाकर चिरते. जन्मात त्यांनी पिठाला वाट बघायला लावली नव्हती. "घरात सगळ्यांत लाडाचं हेच दिसतंय!"

"हात मात्र लावू नका हं."

मितूला थोपटता थोपटता करुणाचाही डोळा लागला. जाग आली तेव्हा दारातलं ऊन भिंतीवर चढलं होतं. गेलं! आत्याबाईंनी त्या पिठाच्या भाकरी थापल्या असणार. लेकीला खांद्यावर घेऊन ती तशीच धावली.

जनकाबाई परातीसमोर मांडी घालून, दोन्ही हात काखेत दाबून बसल्या होत्या. फडकं नगाऱ्यासारखं फुगलं होतं.

"किती झोपलीस गं! हे वर येऊन राहिलंय, येऊनच राहिलंय. लई वाटलं दाबावं. पर न्हाई लावला हात. कोंबडी आली होती, तिलाबी हाकललं."

करुणाला हसू आलं आणि डोळेही भरले. "आत्याबाई, आता हाणा एक बुक्की."

"कुणाला?"

"पिठाला."

जनकाबाईंनी भीत भीत मूठ घातली. फुस्स करून हवा गेली, आणि त्या मागच्या मागं कलंडून अशा हसल्या, की मितू दचकून जागी झाली. ती भोकाड पसरणार, एवढ्यात आजीनं तिला मांडीवर ओढलं आणि पिठाळलेली मूठ नाकासमोर धरली. मितू रडायचं विसरून ती हुंगत बसली.

करुणानं आपल्या हातांकडं पाहिलं. दोन्ही मोकळे! ते पुन्हा अडकायच्या आत तिनं गोळा वळला, तेल लावलेल्या डब्यात निजवला, आणखी जरा फुगू दिला आणि शिट्टी काढलेल्या कुकरात मंद आचेवर भाजायला ठेवून दिला.

संध्याकाळी धम्मदीप आला. पाव एका अंगाला कलला होता, बुडाशी करपलाही होता.

"हा असा वाकडा काहून?"

"वाकडा असंल," जनकाबाई म्हणाल्या, "पर पुरा झालाय. गप खा."

करुणानं दुसरा तुकडा मोडला. पहिल्यानं तिचं तोंड अजून भरलेलं होतं.