वाटीतलं काळं

पैठण रोडवर चितेगावच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. साठी ओलांडलेली माणसं सदरे काढून बसलेली. वाटीबाबा एकेकाच्या छातीला तूप लावून काशाची वाटी घासत. बघता बघता तूप काळंकुट्ट होई. बाबा ते बोटानं निपटून नाकासमोर धरत.

"हा बघ काळजातला मळ. डॉक्टर याच्यापायी छाती फाडतो. आपल्याकडं चिरा नाय, टाका नाय."

बाबांच्या जिभेला हाड नव्हतं आणि ऐकणाऱ्यांना ते नकोच होतं.

कडेला भागूबाई पिशवी घेऊन उभी होती. तिचे मालक नानासाहेब इथंच काळं निघालेलं पाहून घरी गेले आणि डॉक्टरांनी रक्तातल्या चरबीवर दिलेल्या गोळ्या त्यांनी उकिरड्यावर टाकल्या. पुढं पोळ्याला बैल सजवता सजवता कोसळले ते उठलेच नाहीत. तेव्हापासून तिला ना रडू येई ना राग. घास गिळे, चव लागत नसे. सासरेही असेच कोसळून गेले होते. शहरातल्या डॉक्टर मनस्विनींनी बजावलं होतं, ही चरबी नुसती खाण्यानं वाढलेली नाही, ती बापाकडून रक्तातून आलीय, भावांनीही तपासून घ्यावं. धाकट्या दिरानं, तात्यासाहेबांनी, ते कानाआड केलं. आज तेच उघड्या छातीला तूप चोपडून रांगेत बसले होते.

उष्णता उतरावी म्हणून काशाच्या वाटीनं तळपाय घासायची रीत घरोघरी आहे. परवा भागूबाई नातीचे पाय घासत होती. पोर झोपून गेली, तरी हिचे बधिर हात चालतच राहिले, शेजारच्या भोपळ्यावर. भानावर आली तेव्हा तूप काळं झालं होतं. तिनं डॉक्टरांना फोन करून विचारलं.

आता तिनं पिशवीतून भोपळा काढला, बाबांचंच तूप लावलं आणि बाबांचीच वाटी घासू लागली. बाबा म्हणाले, देवाची थट्टा महागात पडंल. ती घासतच राहिली. भोपळा काळा झाला.

"भोपळ्याला कुठलं आलं काळीज?" ती शांतपणे म्हणाली. "काशात तांबं असतं. तुपासंगं घासलं की तेच काळं उतरतं. भाऊजी, ह्या काळ्यापायी तुमच्या दादांनी गोळी सोडली."

तात्यासाहेबांनी भोपळ्यावरचं काळं बोटानं निपटून पाहिलं. मग छातीवरचं तूप पुसून त्यांनी सदरा चढवला. "चला वहिनी. रक्त कुठं तपासत्यात?"

शेड काही त्या दिवशी रिकामी झाली नाही. माणसं डोळ्यांनी पाहूनही लवकर मानत नाहीत. पण बाबांनो, धमन्यांतली चरबी कातडीतून बाहेर येत नाही. घरात बाप, भाऊ हृदयविकारानं गेला असेल तर आपलं रक्त तपासा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका.

तात्यासाहेबांची चरबी थेट नानासाहेबांइतकीच निघाली. गोळी त्याच दिवशी सुरू झाली. दवाखान्याच्या बाकावर भागूबाईनं गोळ्यांचं पाकीट दोन्ही हातांत घट्ट धरलं. इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदा काही वाटलं, आणि ती भीती होती. या खेपेला भीती वेळेवर आली होती.