वंगणाची तार

थोरलीनं कारखान्यातल्या कढईच्या कडेचं वंगण चिमटीत धरलं, चोळलं आणि बोटं अलगद दूर केली. तार निघाली. चमकही लोण्यासारखी होती. आता "झालं" म्हणायचं आणि डबे भरायला लावायचे. पण तिनं पुन्हा एक चिमूट घेतली.

हिवाळ्यापासून तिची बोटं मुकी झाली होती. साखरेच्या आजारात होतं असं, डॉक्टर म्हणाले होते. हे तिनं घरी सांगितलं नव्हतं, कारखान्यात तर नाहीच. वंगण पारखणाऱ्या बाईची बोटं जाणं म्हणजे गवयाचा गळा जाणं. डोळ्यांवर भागवत आली होती.

वंगणाचा संसार नाजूक. चुन्याचा साबण तेलाला पोटाशी धरतो आणि थेंबभर पाणी त्या साबणाला. आच जास्त झाली, तेवढं पाणी उडून गेलं, की तेल हळूच माहेरी निघतं. डोळ्यांना ते उशिरा दिसतं, बोटांना आधी कळतं. आज आच चढली होती, एवढं तिला ठाऊक होतं. असं वंगण कुणाच्या तरी चाकात कोरडं पडणार.

डबे भरायला तिची धाकटी जाऊ खोळंबली होती. कढईशी लग्न लावताय की काय, म्हणून तिनं टोमणाही मारला.

"इकडे ये," थोरली म्हणाली. "तू बघ."

धाकटीनं चिमटीत धरून चोळलं. "कणी लागतेय, जाऊबाई. बारीक वाळूसारखी. तुम्हाला लागली नाही?"

"नाही. हिवाळ्यापासून काहीच लागत नाही."

"तरीच उकळत्या चहाचा पेला नुसत्या हातानं उचलता. मला वाटायचं, मला दाखवायला करताय."

थोरलीला हसू आलं. मग आच बंद करून, वंगण निवू देऊन, पाण्याचे शिंतोडे कसे द्यायचे ते तिनं सांगितलं. धाकटी ढवळायची, चाचपायची. थोरली विचारायची, आता कसं लागतंय? असं तिनं आजवर कुणाला विचारलं नव्हतं. बऱ्याच वेळानं धाकटी म्हणाली, मऊ आलं.

फोरमन आला. कुणी पाहिलं, म्हणाला.

"हिनं," थोरली म्हणाली. "यापुढे हीच पाहील. माझी बोटं राहिली नाहीत."

फोरमननं कढईत डोकावून पाहिलं. झाकणं लावायच्या बाकावर बसून करण्यासारखं काम आहे, एवढंच बोलून गेला.

धाकटीनं फडकं घेतलं, थोरलीचा हात मांडीवर ओढला आणि एकेक बोट पुसू लागली. थोरली नजर न हलवता बघत राहिली. बघितल्याशिवाय तिला कळलं नसतं, कुठलं बोट पुसणं चाललंय.