फिटलेला नवस

सत्त्याऐंशी साली, जत्रेच्या आदल्या दिवशी, आबा कोलशेतच्या घराच्या अंगणात उघडे बसले होते. आई त्यांच्या पाठीवरच्या जुन्या वणांना खोबरेल चोळत होती. दुसऱ्या दिवशी तिथेच गळ टोचायचे, म्हणून कातडी मऊ हवी. मी शाळेत रजा टाकून डोंबिवलीहून आले होते.

"देवीला बोललेला गळाचा नवस पाच वर्षांचा होता," मी म्हटलं. "मी सहावीत होते तेव्हाच फिटला."

"तुजा ताप उतरवला आयनी. ती मोजते का वर्सा?"

"मग धनुर्वाताचं इंजेक्शन तरी घ्या."

"आयची पालखी देवलात परतेपर्यंत अंगाला सुय नाय लावायची."

"गळ चालतो आणि सुई चालत नाही?"

आई हसली. "मास्तरीण झाली तरी भित्रीच. गल आयचा, सुय डागदराची!"

आबाही हसले.

दुसऱ्या दिवशी भगताने त्यांच्या पाठीत दोन गळ घातले आणि लांब लाकडाला बांधून त्यांना वर उचललं. लोक गळांकडे पाहत होते. मी, दर वर्षीसारखा, चेहरा पाहिला. तोंड किंचित उघडं, नजर निवलेली, दूध पिऊन झालेल्या बाळासारखी. घरात, होडीवर, आमच्यात ते असे कधी दिसले नव्हते. खाली आल्यावर त्यांनी मला ओळखलंच नाही. भगताला म्हणाले, "लगीच उतरवलास?"

जखमांत भंडारा भरला. पालखी देवळात परतली तोवर आबा जाळ्यांच्या कामाला लागले होते. सुई राहून गेली.

पुढच्या आठवड्यात त्यांचा जबडा उघडेना. इस्पितळात खिडक्यांना काळे पडदे होते. नर्सने बजावलं, बोलायचं नाही, जरा खुट्ट झालं की झटका येतो. एकदा माझी बांगडी खाटेच्या लोखंडाला लागली आणि आबांची पाठ कमानीसारखी वर उचलली गेली. दात आवळलेले, डोळे उघडे, आणि त्या डोळ्यांत भीती. ही वेदना त्यांनी मागितलेली नव्हती. मी बांगड्या काढून ठेवल्या. मग श्वासही जपून घेत राहिले, शेवटपर्यंत.

दहाव्याला अंगणात माणसं जमली होती. "लेकीच्या जीवासाठी बापानं जीव दिला," काकी म्हणाली. आईनेही मान डोलावली. मी उठून आबांच्या फोटोसमोर उभी राहिले.

"माझ्यासाठी नाही, आबा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तुम्हांला तिथं वर बरं वाटायचं. आमच्यात वाटायचं त्याहून बरं. आणि मला दर वर्षी त्याचीच भीती वाटायची."